एकट्या सभासदाचे विधेयक

२७ एप्रिल २००० या गुरुवारी स्कॉटलंडच्या राजधानीत, एडिंबरो येथे, एका विधेयकाच्या मूलतत्त्वांवर चर्चा झाली. ज्या लोकसभेपुढे ही चर्चा झाली ती अद्याप एक वर्षाचीही झालेली नव्हती. तिला स्वतःची वास्तू नव्हती. चर्च ऑफ स्कॉटलंडच्या एका सभागृहात तिचे कामकाज चाले. विधेयक मांडणारे टॉमी शेरिडन हे १२९ जणांच्या त्या सभागृहात आपल्या पक्षाचे, म्हणजे स्कॉटिश सोशालिस्ट पार्टीचे, एकमेव प्रतिनिधी होते. सरकारची विधेयकाला संमती नव्हती. तरीही दिवसाअखेर मतदान झाले तेव्हा विधेयकाची तत्त्वे मोठ्या बहुमताने मान्य झाली आणि सरकारला आपली भूमिका सोडून मागे यावे लागले.

पाव शतकापूर्वीच्या आणि परक्या देशातल्या या घटनेची आठवण आज करण्याचे कारण आहे. आपल्या चळवळीत दोन मनोवृत्ती सतत डोके वर काढतात. एक म्हणते, विधिमंडळ हा निव्वळ देखावा आहे. जे काही मिळवायचे ते रस्त्यावरच मिळते. दुसरी म्हणते, सत्ता हाती नाही तोवर काहीच होणे नाही. म्हणून कोणत्याही मार्गाने सत्तेच्या जवळ जावे. एडिंबरोतील त्या दिवसाने या दोन्ही म्हणण्यांतील उणीव दाखवून दिली. मात्र तो दिवस नीट समजायचा तर तेथील संसदेची घडण आधी ध्यानात घेतली पाहिजे.

१७०७ साली इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचे राज्य एक झाले आणि स्कॉटलंडची जुनी संसद संपली. कायदे, न्यायालये आणि शिक्षणपद्धती निराळी राहिली. पण कायदे करायचे ते लंडनमध्ये, अशी स्थिती जवळजवळ तीनशे वर्षे टिकली. १९७९ मध्ये स्वतंत्र सभा असावी की नाही यावर सार्वमत घेण्यात आले. मतदान करणाऱ्यांपैकी ५१.६ टक्के लोकांनी होकार दिला; परंतु एकूण मतदारांच्या ४० टक्क्यांचा होकार हवा, अशी अट आधीच घालून ठेवलेली असल्यामुळे तो कौल निष्फळ ठरला. पुढील अठरा वर्षांत लोकांनी लंडनच्या सरकारचा पुरेपूर अनुभव घेतला. ११ सप्टेंबर १९९७ च्या सार्वमतात ७४.३ टक्के मतदारांनी स्वतःच्या संसदेच्या बाजूने मत दिले. १९९८ च्या कायद्याने ती स्थापन झाली आणि १२ मे १९९९ रोजी तिची पहिली बैठक भरली.

आपल्या वाचकांना येथे डॉ. लोहियांच्या चौखंबा राज्याची आठवण होईल. गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र या चार खांबांवर राज्य उभे असावे आणि प्रत्येक खांबाला स्वतःचे बळ असावे, ही ती कल्पना. स्कॉटलंडची संसद हा असा एक खांब खरा. पण तो लंडनच्या जमिनीत रोवलेला आहे. आपल्या विधानसभेचे अधिकार संविधानातून आले आहेत. स्कॉटलंडच्या संसदेचे अधिकार वेस्टमिन्स्टरच्या एका साध्या कायद्यातून आले असून स्कॉटलंडसाठी कायदे करण्याचा वेस्टमिन्स्टरचा हक्क त्याच कायद्याने कायम ठेवला आहे. परराष्ट्र व्यवहार, संरक्षण, कामगारविषयक कायदे, वित्तव्यवहार आणि सामाजिक सुरक्षेचा मोठा भाग लंडनने स्वतःकडे राखून ठेवला. आरोग्य, शिक्षण, गृहनिर्माण, पोलीस, न्यायदान आणि स्कॉटलंडचा दिवाणी कायदा एडिंबरोकडे आला. या वाटणीचा अर्थ ध्यानात घ्यावा. बँक आणि सावकार यांच्या व्यवहारावर एडिंबरोची सत्ता नाही. परंतु कर्ज थकल्यावर गरिबाच्या घरात कोणी व कसे शिरायचे, हे ठरवण्याची सत्ता मात्र आहे. शेरिडन यांचे विधेयक नेमके याच जागी बोट ठेवणारे होते.

स्कॉटलंडमध्ये कर्ज किंवा कर थकला की न्यायालयाचा अधिकारी, म्हणजे आपल्याकडचा बेलीफ, ऋणकोच्या घरी जाई. घरातील वस्तूंची यादी करी आणि त्यांची किंमत ठरवी. या यादीकरणाला स्कॉटिश कायद्यात ‘पिंडिंग’ म्हणत. त्यानंतर न्यायाधीशाचा हुकूम घेऊन त्या वस्तूंचा लिलाव होई. १९८७ च्या कायद्याने संसाराला अत्यावश्यक अशा काही वस्तूंना सूट दिली होती. पण दूरचित्रवाणी संचासारख्या वस्तूंवर चिठ्ठ्या चढत. वापरलेल्या सामानाला लिलावात किंमत ती काय येणार? खर्च वजा जाता धनकोच्या हाती फारसे लागत नसे. बहुतेक प्रकरणे लिलावापर्यंत जातही नसत. यादी झाली, शेजारपाजाऱ्यांनी पाहिले, मुले घाबरली, की माणूस दुसरीकडून कर्ज काढून पहिले फेडी. वस्तूंच्या किमतीपेक्षा माणसाच्या अब्रूवर ही वसुली चाले.

जप्ती हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्या उठावामागे हुकूमनामे आणि जप्त्या यांनी आलेला उद्वेग होता. पुढे १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. आज आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि गुरे, तसेच धर्मरूढीप्रमाणे स्त्रीच्या अंगावरून उतरवता न येणारे दागिने जप्त करता येत नाहीत. कायद्याच्या पुस्तकात हे रक्षण आले ते कोणाच्या दयेने नव्हे. त्यामागे कित्येक घरांचा आक्रोश आहे.

स्कॉटलंडमध्ये हा आक्रोश १९८९ नंतर फार वाढला. त्या वर्षीच्या १ एप्रिलला थॅचर सरकारने तेथे माणशी कर लागू केला. इंग्लंडमध्ये तो त्यानंतर एक वर्षाने आला. म्हणजे स्कॉटलंडवर त्याचा प्रयोग आधी झाला. महालात राहणाऱ्या उमरावाला आणि चाळीत राहणाऱ्या मजुराला जवळजवळ सारखाच कर. हजारो कुटुंबांनी तो भरण्यास नकार दिला आणि थकबाकीसाठी बेलीफ दारात येऊ लागले. वस्त्यावस्त्यांतून प्रतिकार समित्या उभ्या राहिल्या. बेलीफ येणार असे कळले की शेजारी जमत आणि दार अडवून उभे राहत. १९९१ मध्ये ग्लासगो येथे एक लिलाव अडवताना शेरिडन यांनी न्यायालयाचा मनाई हुकूम मोडला. त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. ते तुरुंगात असतानाच १९९२ मध्ये ग्लासगोच्या लोकांनी त्यांना नगरपरिषदेवर निवडून दिले. माणशी कर १९९३ मध्ये रद्द झाला. जप्तीची पद्धत मात्र राहिली.

तुरुंग, फावडे आणि मत ही लोहियांनी सांगितलेली त्रिसूत्री आपण पुष्कळदा म्हणतो. ग्लासगोच्या वस्त्यांनी ती म्हटली नसेल. पण तिच्यातील तुरुंग आणि मत या दोन गोष्टी एकमेकींना कशा पूरक असतात, हे त्यांनी करून दाखवले. शेरिडन संसदेत गेले ते दार अडवणाऱ्या माणसांचा निरोप घेऊन. तेथे पोहोचणे शक्य झाले त्याचे श्रेय निवडणूकपद्धतीलाही द्यावे लागेल. १२९ पैकी ७३ सभासद मतदारसंघांतून आणि ५६ प्रादेशिक याद्यांतून प्रमाणशीर पद्धतीने निवडले जातात. आपल्यासारखी निव्वळ ‘सर्वाधिक मते त्याची जागा’ ही पद्धत असती तर या पक्षाला एकही जागा मिळाली नसती.

आता सभागृहाच्या नियमांकडे वळू. दर गुरुवारी तेथे मंत्र्यांना आणि सरकारच्या प्रमुखाला, ज्याला ‘फर्स्ट मिनिस्टर’ म्हणतात, प्रश्न विचारले जातात. वृत्तपत्रे त्यातील चकमकींना महत्त्व देतात. पण खरे काम समित्यांत होते. समिती विधेयकाची छाननी करते, साक्षी घेते आणि तत्त्वे मान्य करावीत की नाहीत याविषयी सभागृहाला अहवाल देते. एका सभासदाला एका कार्यकाळात दोन विधेयके मांडता येत. त्यासाठी त्या वेळी अकरा सहकाऱ्यांचा पाठिंबा पुरे होता. शेरिडन यांनी तो आपल्या पक्षाबाहेर मिळवला. मजूर पक्षाचे जॉन मॅकॅलियन आणि स्कॉटिश राष्ट्रीय पक्षाचे ॲलेक्स नील त्यांच्या बाजूने उभे राहिले. न्याय, स्थानिक शासन आणि सामाजिक समावेश या तिन्ही विषयांच्या समित्यांनी साक्षी ऐकून विधेयकाच्या तत्त्वांना अनुकूल मत दिले. या समित्यांत सत्तारूढ पक्षाचे सभासद होते, हे विशेष. कर्जबाजारी माणसाला सल्ला देणाऱ्या कार्यकर्त्यांची साक्ष समोर बसून ऐकली, की पक्षाची भिंत थोडी विरघळते.

तेथील आणखी एक प्रथा लक्षात घेण्यासारखी आहे. चर्चा संपली की लगेच मतदान होत नाही. दिवसभरातील सर्व ठराव एका ठरावीक वेळी, बहुधा संध्याकाळी पाच वाजता, एकत्र मताला टाकले जातात. चर्चा आणि मतदान यांमध्ये त्यामुळे विचाराला, आणि अर्थात दडपणालाही, थोडा अवकाश राहतो.

२७ एप्रिलला सरकारचे म्हणणे काय होते, ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. सरकार मजूर पक्ष आणि लिबरल डेमोक्रॅट यांच्या आघाडीचे होते. न्यायखाते लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या जिम वॉलेस यांच्याकडे होते. जप्तीची पद्धत क्रूर आहे, हे सरकारही नाकारीत नव्हते. त्याचे म्हणणे असे की, वसुलीची दुसरी व्यवस्था तयार होण्याआधी ही पद्धत रद्द केली तर ज्याला देणे शक्य आहे तोही देणार नाही, नगरपरिषदांचे उत्पन्न बुडेल, आणि शेवटी गरिबालाच उधार मिळणे कठीण होईल. हा युक्तिवाद तुच्छ मानण्यासारखा नाही. नगरपरिषदेचे उत्पन्न म्हणजे गरिबाची शाळा आणि वृद्धाची शुश्रूषा. पण त्याला उत्तरही होते. पगारातून कपात करणे, बँकेतील ठेव अडवणे हे मार्ग कायद्यात होतेच. ज्याच्यापाशी देण्यासारखे काही आहे त्याच्याकडून वसुली त्या मार्गांनी होऊ शकत होती. घरातील वस्तू उचलण्याचा उपाय उरे तो ज्याच्यापाशी काही नाही त्याच्यासाठी. पर्यायाची वाट पाहा, असे सांगणाऱ्याने तोवरच्या काळात कोणाच्या घरात बेलीफ शिरणार हेही सांगितले पाहिजे.

मजूर पक्षाच्या अनेक सभासदांना हे उत्तर पटले. ते ज्या वस्त्यांतून निवडून आले होते त्या वस्त्यांतच या जप्त्या होत होत्या. आघाडीपाशी सभागृहात बहुमत होते आणि सर्वांनी पक्षाचा आदेश पाळला असता तर विधेयक त्याच दिवशी संपले असते. स्वपक्षीयच विरुद्ध मत देणार हे स्पष्ट झाले तेव्हा सरकारने पाऊल मागे घेतले. ६ डिसेंबर २००० रोजी विधेयक अंतिमतः संमत झाले आणि १७ जानेवारी २००१ रोजी त्याचा कायदा झाला. पक्षाच्या एकमेव सभासदाने आणलेले विधेयक सरकारची संमती नसताना कायद्याच्या पुस्तकात गेले.

कथा येथेच थांबवली तर ती फार गोड होईल. विधेयक संमत होईपर्यंतच्या वाटचालीत त्याची अंमलबजावणी २००२ च्या अखेरीपर्यंत पुढे ढकलण्यात आली. तेवढ्या अवधीत सरकारने स्वतःचा नवा कायदा आणला. त्यात कर्जफेडीची हप्तेबंद योजना आली, ऋणकोला सल्ला देण्याची तरतूद आली, जुनी जप्ती नावानिशी रद्द झाली. पण ‘अपवादात्मक’ परिस्थितीत न्यायाधीशाच्या हुकमाने घरातील अनावश्यक वस्तूंवर टाच आणण्याची वाटही ठेवली गेली. समोरच्या दाराने गेलेली जप्ती मागच्या दाराने आत आली, अशी टीका तेव्हा झाली आणि ती निराधार नव्हती. तथापि फरक लहान नाही. पूर्वी जे नित्याचे होते ते अपवाद ठरले. पूर्वी ऋणकोने स्वतःला वाचवायचे होते, आता धनकोला न्यायाधीशापुढे कारणे द्यावी लागतात. सभागृहात मिळवलेले सभागृहातच कमी करता येते, हा धडा मात्र विसरू नये. मतदानाच्या दिवशी प्रेक्षकसज्जा भरते. नियम लिहिले जातात त्या दिवशी ती रिकामी असते.

पक्षाच्या बाबतीतही कथा गोड नाही. २००३ मध्ये स्कॉटिश सोशालिस्ट पार्टीचे सहा सभासद निवडून आले. २००६ मध्ये शेरिडन यांच्या वैयक्तिक आयुष्याविषयीच्या एका अब्रूनुकसानीच्या खटल्यावरून पक्ष दुभंगला. २००७ मध्ये एकही जागा राहिली नाही आणि २०१० मध्ये त्या खटल्यात खोटी साक्ष दिल्याबद्दल शेरिडन दोषी ठरले. एका माणसाभोवती उभा राहिलेला पक्ष त्या माणसाबरोबर कोसळतो, हे दुभंगांचा इतिहास पाठ असलेल्या भारतीय समाजवाद्यांना कोणी शिकवायला नको. पण त्यामुळे जप्तीविरुद्धचा लढा खोटा ठरत नाही. तो लढा दार अडवणाऱ्या अनाम शेजाऱ्यांचा होता आणि ते कोठल्याही खटल्यात हरलेले नाहीत.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या राज्याच्या विधानसभेचे अधिकार स्कॉटलंडच्या संसदेपेक्षा कमी पक्के नाहीत. मग अशी घटना आपल्याकडे का घडत नाही? भारतीय संसदेत आजवर अवघी चौदा अशासकीय विधेयके संमत होऊन कायदा बनली आणि त्यांतील शेवटचे १९७० मधील आहे. त्यानंतर एकही नाही. संमत न होणारे विधेयकही कामाचे असते, हे खरे. गर्भलिंगचाचणीविरुद्ध मृणालताई गोरे यांनी विधानसभेत अशासकीय विधेयक मांडले, बाहेर स्त्रीसंघटनांनी आंदोलन केले आणि १९८८ मध्ये महाराष्ट्र सरकारला स्वतःचा कायदा करावा लागला. त्या प्रकारचा तो देशातील पहिला कायदा. पण मृणालताईंच्या वेळी विरोधी आमदाराच्या शब्दाला जो अवकाश होता तो दिवसेंदिवस आकसत गेला आहे.

याचे एक मोठे कारण संविधानाच्या दहाव्या अनुसूचीत आहे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. आयाराम-गयारामांना कंटाळलेल्या देशाने तिचे स्वागत केले. परंतु तिने पक्षांतर आणि मतभेद यांना एकाच मापाने मोजले. पक्ष सोडणाऱ्याला जी शिक्षा, तीच पक्षात राहून एखाद्या विधेयकावर व्हिपविरुद्ध मत देणाऱ्याला: सभासदत्व रद्द. १९७८ मध्ये जनता सरकारने पक्षांतरबंदीचे विधेयक आणले तेव्हा स्वतः सत्तारूढ पक्षात असूनही साथी मधू लिमये यांनी त्याला विरोध केला होता. १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीने सुचवले की, अपात्रतेची शिक्षा सरकारच्या अस्तित्वाशी संबंधित मतदानापुरतीच असावी. ती सूचना कागदावरच राहिली. परिणाम आपल्या डोळ्यांसमोर आहे. २०२२ मध्ये शिवसेनेचे आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसचे आमदार गटागटाने निघून गेले, तेव्हा या कायद्याने कोणाचेही सभासदत्व गेले नाही. पण एखाद्या आमदाराने पक्षात राहून, आपल्या मतदारांच्या हितासाठी, एका विधेयकावर वेगळे मत देण्याचे ठरवले तर त्याच्यावर मात्र अपात्रतेची तलवार टांगलेली. घाऊक व्यवहार मोकळा आणि एकट्याची सदसद्विवेकबुद्धी बंदिस्त!

एडिंबरोत व्हिप नाही असे नव्हे. तो मोडणाऱ्यावर पक्ष कारवाई करू शकतो, पुढच्या वेळी तिकीट नाकारू शकतो. पण जनतेने दिलेली जागा पक्षाच्या आज्ञेवरून काढून घेता येत नाही. २७ एप्रिल २००० रोजी मजूर पक्षाच्या सभासदांवर आपली दहावी अनुसूची लागू असती, तर स्कॉटलंडच्या गरिबांच्या घरात बेलीफ पूर्वीप्रमाणेच शिरत राहिला असता.

यावरून आपल्या पक्षाने तीन गोष्टींचा आग्रह धरावा. व्हिपची सक्ती विश्वासदर्शक ठराव, अविश्वास ठराव आणि अर्थविधेयक यांपुरती मर्यादित करावी. विधेयक समितीकडे जाणे आणि समितीने जनतेच्या उघड साक्षी घेणे हा नियम असावा, अपवाद नव्हे. प्रश्नोत्तराचा तास कोणत्याही निमित्ताने रद्द करता येऊ नये. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात साथीचे कारण देऊन संसदेने तो वगळला, तो पायंडा पडू देता कामा नये. आणि या मागण्या करताना, उद्या आपला एखादा आमदार निवडून आला तर त्याच्या सदसद्विवेकबुद्धीला आपणही तेवढीच मोकळीक देणार आहोत, हे आजच जाहीर करावे. दुसऱ्यांच्या सभासदांना बंडाचे आवाहन करायचे आणि आपल्यांना दावणीला बांधायचे, हे समाजवाद्यांना शोभणार नाही.

सभागृहाला मर्यादा आहेत. स्कॉटलंडच्या सभागृहाला तर त्या पदोपदी जाणवतात. २०२३ च्या जानेवारीत तेथील संसदेने संमत केलेले एक विधेयक लंडनच्या मंत्र्याने आपल्या राखीव अधिकाराने रोखून धरले. परंतु मर्यादित सभागृहातही, बाहेर संघटित माणसे उभी असतील आणि आत एक तरी सभासद नियमांचा अभ्यास करून बसला असेल, तर सरकारला मागे हटवता येते. तालुक्याच्या गावी थकबाकीच्या जप्तीची नोटीस घेऊन कोणी शेतकरी आपल्या कार्यालयात आला, तर त्याच्यासाठी मोर्चा काढावाच. पण त्याच दिवशी विधानसभेतील मित्रसभासदाकडे तारांकित प्रश्नाचा मसुदा पाठवायला विसरू नये.